सॅम्युएल अ‍ॅडम्स आणि बोस्टनची पट्टी

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा इतिहास ज्यांनी थोडाबहुत वाचला आहे त्यांस सॅम्युएल अ‍ॅडम्स हे नाव अपरिचित नाही. सन १७७३ च्या डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात टाकण्यात आल्या, त्या चळवळीचा सूत्रधार म्हणून त्याचे नाव घेतात. आणि १७७६ च्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. परंतु ह्याच पुरुषाने त्यापूर्वी आठनऊ वर्षे आपल्या शेजाऱ्यांच्या दारोदार पट्टी मागण्याचे काम केले, आणि ते काम त्यास नीट साधले नाही, ही गोष्ट त्याचे स्तुतिपाठक बहुधा दोन ओळींत उरकतात. आमच्या मते ती तशी उरकण्याजोगी नाही. कर म्हणजे काय, तो कोणाच्या घरातून निघतो आणि न निघाला तर काय होते, हे त्यास पुस्तकावरून कळले नव्हते, तर वसुलीची यादी हातात घेऊन गल्लोगल्ली हिंडताना कळले होते.

त्याचा जन्म बोस्टन येथे १७२२ च्या सप्टेंबर महिन्यात झाला. आईबापांस बारा मुले झाली, त्यांपैकी तिघेच बालपण ओलांडून जगली. बापाचे नावही सॅम्युएलच. तो काँग्रिगेशनल मंडळीत डीकन होता आणि बार्लीला मोड आणून ती भट्टीत वाळविण्याचा त्याचा कारखाना होता. ह्याच प्रांतातील ह्याच पंथाच्या मंडळ्यांत वाढलेले गॉर्डन हॉल पुढे १८१३ साली मुंबईस येऊन उतरले, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. मुलगा उपदेशक व्हावा अशी घरची इच्छा होती. म्हणून त्यास हार्वर्ड कॉलेजात घातले. तेथून तो १७४० साली पदवी घेऊन बाहेर पडला. १७४३ साली वरची पदवी घेताना त्याने वादासाठी जो विषय निवडला तो असा की, राष्ट्राचा बचाव अन्य उपायाने होत नसेल तर श्रेष्ठ अधिकाऱ्यास विरोध करणे न्याय्य आहे की नाही. त्याने होकारार्थी पक्ष घेतला. उपदेशक तो झाला नाही. व्यापारही त्यास जमला नाही. बापाने भांडवल म्हणून दिलेल्या एक हजार पौंडांपैकी निम्मे त्याने एका मित्रास उसने दिले आणि ते परत आले नाहीत. ह्या एका गोष्टीवरून पुढच्या वसुली कामगाराची वाचकांस थोडीशी कल्पना यावी.

कॉलेजात असतानाच घरावर एक संकट कोसळले. प्रांतात नाण्याची फार टंचाई होती, म्हणून १७४० साली काही लोकांनी जमिनीच्या तारणावर नोटा काढणारी पेढी उघडली. अ‍ॅडम्सचा बाप तिच्या चालकांपैकी एक होता. श्रीमंत व्यापारी वर्गास ही पेढी रुचली नाही. टॉमस हचिन्सन हा तरुण व्यापारी तिच्या विरोधकांत प्रमुख होता. १७४१ साली लंडनच्या पार्लमेंटने कायदा करून ती बेकायदा ठरविली, आणि लोकांच्या हाती असलेल्या नोटांची जबाबदारी चालकांच्या खाजगी मालमत्तेवर येऊन पडली. बाप १७४८ साली वारला, पण दावे चालूच राहिले. समुद्रापलीकडे बसलेल्या सभेने एक ओळ लिहावी आणि बोस्टनमधील एका घराच्या दाराशी बेलिफ उभा राहावा, हे अ‍ॅडम्सने स्वतःच्या घरी पाहिले.

आता पट्टी कशी बसे व कशी वसूल होई हे सांगितले पाहिजे, कारण पुढील हकीकतीचे मर्म त्यातच आहे.

मॅसॅच्युसेट्स प्रांतात कर तीन असत. प्रांताचा, परगण्याचा आणि खुद्द गावाचा. प्रांताच्या खर्चाचा आकडा प्रतिनिधिसभा ठरवी आणि प्रत्येक गावाच्या ऐपतीप्रमाणे त्याचा फाळा त्या गावास कळवी. पुढचे काम गावाचे. दर मार्चमध्ये नगरसभा भरे. तीत मताचा हक्क असलेले गृहस्थ आपल्यातूनच आकारणीदार निवडीत आणि वसुली कामगारही निवडीत. आकारणीदार यादी करीत. सोळा वर्षांच्या व त्यावरील पुरुषांवर डोईपट्टी असे; त्याखेरीज घर, जमीन, गुरे आणि व्यापाराचा माल ह्यांवर निराळा आकार बसे. आरंभीच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकात, खेड्यांतील लोक मका, गहू आणि जिवंत गुरे देऊनही आपला कर फेडीत. आपल्यावर अधिक आकार बसला असे ज्यास वाटे तो आकारणीदारांकडे जाऊन सूट मागू शके, आणि तेथे दाद न लागली तर परगण्याच्या न्यायसभेकडे जाण्याची वाट मोकळी असे. यादी लिहिणारा मनुष्य रस्त्यात भेटणारा, उपासनेत शेजारच्या बाकावर बसणारा असे.

ह्या याद्या किती बारकाईने होत हे १७७१ सालच्या प्रांतभरच्या मोजणीवरून दिसते. तिचे पुष्कळ कागद आजही शिल्लक आहेत. त्यांत माणशी घरे, दुकाने, गलबतांचे टन, व्याजी लावलेला पैसा, घोडे, बैल, गाई, शेळ्यामेंढ्या, डुकरे, कुरणांचे एकर, धान्याचे बुशेल, सफरचंदाच्या मद्याची पिंपे आणि वाळल्या गवताचे टन ह्यांचे रकाने आहेत. आणि त्याच कागदावर, गुराढोरांच्या रकान्यांपासून फारसा दूर नाही असा, आजन्म गुलामांचाही एक रकाना आहे. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या प्रांताच्या दप्तरात तो रकाना असावा ह्याची लाज त्या वेळी थोड्यांनाच वाटली. अ‍ॅडम्सच्या दुसऱ्या पत्नीस सरी नावाची एक गुलाम स्त्री भेट म्हणून मिळाली, तेव्हा ती आपल्या घरी येईल तर स्वतंत्र होऊनच येईल असे त्याने सांगितले, अशी त्याच्या कुटुंबातील हकीकत आहे.

यादी तयार झाली की ती हुकूमनाम्यासह वसुली कामगाराच्या हाती पडे. हे पद मानाचे दिसे, पण ते गळफासासारखे होते. जो मनुष्य पैसे देणार नाही त्याचा माल जप्त करून विकण्याचा अधिकार कामगारास असे, आणि माल नसेल तर त्या मनुष्यास तुरुंगात पोहोचविण्याचाही. परंतु ठरलेली रक्कम खजिनदाराकडे भरली गेली नाही तर कायदा प्रथम कामगारासच धरी. तूट त्याच्या स्वतःच्या मालमत्तेतून वसूल होऊ शके. म्हणजे शेजाऱ्याच्या चुलीवरचे भांडे उचलावे किंवा आपले गमवावे, ह्या दोहोंमध्ये तो उभा असे.

सन १७५६ मध्ये बोस्टनच्या नगरसभेने अ‍ॅडम्सला हे काम दिले. त्याला थोड्याशा मिळकतीची गरज होती, कारण बापाचा कारखाना त्याच्या हाती आल्यापासून खालावत चालला होता. १७५७ साली त्याची पहिली पत्नी एलिझाबेथ चेकली ही प्रसूतीनंतर वारली आणि दोन लहान मुले त्याच्या पदरी राहिली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १७५८ मध्ये, त्या जुन्या पेढीच्या दाव्यापायी त्याच्या बापाची मालमत्ता लिलावात काढण्याची जाहिरात लागली. अ‍ॅडम्स लिलावाच्या जागी गेला आणि शेरिफास व बोली बोलणाऱ्यांस त्याने असे बजावले की, विक्री केल्यास आपण त्यांजवर फिर्याद लावू. कोणी बोली बोलले नाही, आणि लिलाव राहून गेला. वाचकांनी हा प्रसंग क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. ज्याच्या खिशात शेजाऱ्यांचा माल जप्त करण्याचा हुकूम आहे तोच मनुष्य आपल्या घरावरची जप्ती परतवून लावीत आहे. असा मनुष्य दुसऱ्याच्या दारी कठोर होऊ शकला नाही ह्यात आम्हांस नवल वाटत नाही.

आणि ती वर्षेही बोस्टनला फार वाईट गेली. फ्रेंचांशी चाललेल्या युद्धामुळे प्रांताचे कर अतोनात वाढले होते. १७५० पासून जुन्या कागदी नोटा काढून टाकून चांदीचे नाणे सुरू केले होते. ही योजना हचिन्सनची. व्यापाऱ्यास ती सोयीची झाली, पण गरिबाच्या हाती चांदी क्वचितच येई. शहराची वस्ती १७४२ साली १६,३८२ होती, ती १७६५ साली १५,५२० वर आली. म्हणजे ओझे वाढले आणि खांदे कमी झाले. विधवांची संख्या तर १७४२ मध्येच सुमारे १,२०० होती. २० मार्च १७६० च्या आगीत सुमारे साडेतीनशे इमारती जळाल्या आणि हजाराहून अधिक लोक उघड्यावर पडले. १७६४ मध्ये देवीची साथ आली. ज्याचे घर जळाले त्याच्याकडे, किंवा जिचा नवरा लढाईवरून परतला नाही तिच्याकडे, यादी घेऊन जायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे, हे वर्षानुवर्षे चालले. जुन्या वर्षाची तूट नव्या वर्षाच्या वसुलीतून भरून काढण्याची त्या कामगारांत चाल होती, आणि अ‍ॅडम्सही त्याच वाटेने गेला. अशा हिशेबात बाकी दिसत नाही. ती फक्त पुढे ढकलली जाते.

१७६५ साली पाहता त्याच्या खाती ८,००० पौंडांहून अधिक येणे राहिले होते. नगराचा कोष जवळजवळ रिकामा पडला होता.

ह्याबद्दल त्याला काय म्हणावे? हचिन्सन पुढे इतिहासकार झाला, आणि त्याने अ‍ॅडम्सवर सार्वजनिक पैशाच्या अपहाराचा ठपका ठेवला. हा आरोप आम्हांस मान्य करवत नाही. त्या पैशाने अ‍ॅडम्सच्या घरी एक खुर्चीही नवी आल्याचे दिसत नाही. तो आयुष्यभर गरीबच राहिला. परंतु त्याला निर्दोष ठरविण्याची घाईही करू नये. खरोखर निराधार असेल त्याला सूट देण्याचा अधिकार आकारणीदारांचा होता, आणि ती सूट उघडपणे यादीत लिहिली जाई. अ‍ॅडम्सने दिलेली सूट कोठेच लिहिलेली नव्हती. तिच्यात विधवेबरोबर ज्याला देण्याची ऐपत होती पण इच्छा नव्हती असा दुकानदारही सुटला, आणि जे नेमाने भरीत त्यांच्यावर पुढील साली तितके अधिक पडले. शहरात तो अतिशय लोकप्रिय झाला हे खरे. पैसे न मागणारा वसुली कामगार कोणास आवडणार नाही?

आता त्या काळाची दुसरी बाजू पाहा. १७६४ साली पार्लमेंटने साखर व काकवी यांवरील जकातीचा कायदा केला. बोस्टनच्या नगरसभेने आपल्या प्रतिनिधींस सूचना देण्याचे ठरविले आणि त्या लिहिण्याचे काम अ‍ॅडम्सकडे आले. त्या मे महिन्यात सभेने मान्य केल्या. आज आमच्या व्यापारावर आम्हांस न विचारता कर बसला तर उद्या आमच्या जमिनीवर व जमिनीच्या पिकावर का बसणार नाही, आणि ज्या सभेत आमचा प्रतिनिधी नाही तिने कर बसविला तर आमची स्थिती मांडलिक गुलामांची होणार नाही काय, असा त्यांचा आशय होता. हे लिहिणारा मनुष्य त्या वेळीही वसुली कामगारच होता, हे विसरू नये. कराचे ओझे त्यास कळत होते. पण त्याचा आक्षेप ओझ्यापुरता नव्हता. त्याच्या खिशातील यादी ज्यांनी लिहिली ते लोक निवडलेले होते, पुढल्या मार्चमध्ये काढता येणारे होते, आणि त्यांच्यापुढे गाऱ्हाणे सांगता येत होते. पुढच्या वर्षीच्या स्टँपाच्या कायद्यात ह्यातले काहीच नव्हते. खरेदीखते, न्यायालयाचे कागद, वर्तमानपत्रे, सर्वांना लंडनहून आलेला छापील कागद लागणार होता, आणि मोडणाऱ्याचा खटला पंचांवाचून चालू शकणार होता.

१७६५ च्या ऑगस्टात बोस्टनमध्ये दंगा झाला आणि २६ तारखेच्या रात्री जमावाने हचिन्सनचे घर उद्ध्वस्त केले. हचिन्सन त्या वेळी प्रांताचा दुय्यम गव्हर्नर होता. त्याने वर्षानुवर्षे जमविलेले प्रांताचे जुने कागद आणि त्याच्या इतिहासाचे हस्तलिखित चिखलात फेकले गेले. शेजारचे उपदेशक रेव्हरंड अँड्र्यू इलियट ह्यांनी ती पाने वेचून वाचविली, आणि चिखलाचे डाग असलेली ती पाने अद्याप जपून ठेवलेली आहेत. दुसऱ्या दिवशी नगरसभेने ह्या कृत्याचा निषेध केला, आणि अ‍ॅडम्सनेही केला. तरी दप्तर चिखलात टाकणाऱ्या जमावात त्याची स्तुती करणारे पुष्कळ होते, हे उघड आहे.

त्याच वर्षी तो प्रतिनिधिसभेत निवडून गेला आणि १७६६ साली त्या सभेचा कारकून झाला. ज्यास पैशांचे दप्तर राखता आले नाही त्यास शब्दांचे दप्तर उत्तम राखता आले. परंतु जुने येणे त्याचा पाठलाग सोडीना. थकलेल्या लोकांवर त्यास दावे लावावे लागले, तरी बरेच पैसे बुडाले. १७६८ च्या सुमारास विरोधकांनी त्याच्याविरुद्ध १,४६३ पौंडांचा निवाडा मिळविला. अखेर मित्रांनी काही रक्कम भरली आणि उरलेली नगरसभेने माफ केली. सभेच्या पैशाची माफी सभेनेच, उघड मतदानाने, दिली. इतके तरी ह्या प्रकरणात नियमाला धरून झाले.

पुढील वर्षांचा इतिहास प्रसिद्धच आहे. येथे त्यातील वसुलीशी संबंध असलेला भाग तेवढा सांगतो. १७७४ साली पार्लमेंटने बोस्टनचे बंदर बंद केले, आणि गव्हर्नरच्या परवानगीवाचून वर्षातून एकाहून अधिक नगरसभा भरवू नये असा कायदा केला. बोस्टनकरांनी नवी सभा बोलाविलीच नाही. जुनीच सभा तहकूब करकरून पुन्हा भरविली. त्या वर्षी १७ जूनला सेलम गावी प्रतिनिधिसभेचे दार आतून बंद करून किल्ली अ‍ॅडम्सने आपल्याजवळ ठेविली. सभा विसर्जित करण्याचा गव्हर्नरचा हुकूम बाहेर जिन्यावर वाचला जात असता आत फिलाडेल्फियाच्या परिषदेसाठी प्रतिनिधी निवडले गेले. त्यांच्या खर्चाच्या ५०० पौंडांस गव्हर्नर संमती देईना. तेव्हा गावांनी करातील आपापल्या हिश्शाच्या प्रमाणात ती रक्कम आपण होऊन पाठवावी, अशी सभेने शिफारस केली.

ऑक्टोबरात त्याहून मोठे पाऊल पडले. प्रांताच्या नव्या काँग्रेसने गावोगावच्या वसुली कामगारांस सांगितले की, हॅरिसन ग्रे ह्या जुन्या खजिनदाराकडे पैसे भरू नका. आणि स्टो गावच्या हेन्री गार्डनरला त्या जागी नेमले. यादी तीच, आकार तोच, दाराशी येणारा मनुष्यही तोच. फक्त पैशांची पिशवी दुसऱ्या पेटीत पडू लागली. लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटण्यास अजून सहा महिने अवकाश होता. राजाचे राज्य मॅसॅच्युसेट्सच्या खेड्यांत केव्हा संपले असे कोणी विचारील तर आम्ही ह्या ऑक्टोबरकडे बोट दाखवू.

अ‍ॅडम्स त्या वेळी फिलाडेल्फियास होता. तिकडे निघण्यापूर्वी मित्रांनी त्याला नवा पोशाख, टोपी, जोडे आणि खर्चास पैसे दिले, कारण त्याचे कपडे परिषदेत बसण्याजोगे नव्हते. त्याच महिन्यात तेथे त्याच्याकडे एक गाऱ्हाणे आले. मॅसॅच्युसेट्सच्या बहुतेक गावांत काँग्रिगेशनल उपदेशकाचा पगार गावपट्टीतून दिला जाई. बोस्टन मात्र त्यास अपवाद होते, तेथे उपदेशकांचा निर्वाह स्वेच्छेच्या वर्गणीवर चाले. बॅप्टिस्टांस ह्या पट्टीतून सूट मिळे, पण त्यासाठी आपण बॅप्टिस्ट असल्याचा दाखला दर वर्षी भरावा लागे, आणि दाखल्यात खोट काढून त्यांची गुरे व भांडी जप्त होत. शेजारच्या कनेक्टिकटमध्ये त्यांचे पुढारी आयझॅक बॅकस ह्यांची वृद्ध आई ही पट्टी न दिल्यामुळे १७५२ साली तेरा दिवस तुरुंगात होती. बॅकस आता अ‍ॅडम्सला व त्याच्या सोबत्यांस विचारीत होते की, ज्या करास आम्ही संमती दिली नाही तो आमच्यापासून का घ्यावा? बॅकस ह्यांच्या नोंदीप्रमाणे अ‍ॅडम्सने ही तक्रार धर्मवेड्या लोकांची म्हणून उडवून लावली. आपले दार ठोठावणारा प्रश्न त्याने पार्लमेंटला दहा वर्षे विचारला होता. तोच प्रश्न दुसऱ्याने विचारला तेव्हा तो त्यास ओळखू आला नाही. ती पट्टी मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत राहिली.

१७८६ मध्ये पश्चिमेकडील शेतकरी करांच्या व कर्जांच्या ओझ्याखाली उठले आणि त्यांनी न्यायालये बंद पाडली. जुना मऊ वसुली कामगार आता राज्याच्या वरिष्ठ सभेत होता आणि कडक शिक्षेच्या बाजूचा होता. राजाविरुद्ध उठणाऱ्यास क्षमा असावी, पण लोकांनीच निवडलेल्या सभेविरुद्ध उठणाऱ्यास असू नये, असे त्याचे म्हणणे. सभा आपलीच असली तरी उपाशी मनुष्यास तिचे दार दूर असते, हे तो विसरला असे आम्हांस वाटते. पुढे जॉन हॅनकॉक गव्हर्नर झाला, त्याने बहुतेकांस क्षमा केली. हॅनकॉक १७९३ साली वारल्यावर अ‍ॅडम्स त्याच्या जागी आला व १७९७ पर्यंत गव्हर्नर राहिला. म्हातारपणी कंपवातामुळे त्याच्या हातून लेखणी धरवत नसे. त्याचा डॉक्टर मुलगा १७८८ साली वारला. त्याच्या सैन्यातील नोकरीबद्दल सरकारकडून जे येणे होते त्यावर ह्या वृद्ध पतिपत्नींचा पुष्कळसा निर्वाह चालला. २ ऑक्टोबर १८०३ रोजी अ‍ॅडम्स वारला.

बोस्टनच्या नगरसभेची इतिवृत्ते विल्यम कूपर नावाच्या कारकुनाने १७६१ पासून १८०९ पर्यंत, युद्धे आणि राज्ये बदलली तरी, राखली. ती एकोणिसाव्या शतकात शहराने छापविली. अ‍ॅडम्सची वसुली कामगार म्हणून झालेली निवड, त्याच्याकडील येणे आणि त्या येण्याची माफी, हे सर्व त्यांत ज्याला पाहावयाचे असेल त्याला पाहावयास मिळते.